नायकाचा न्यूनगंड शोधताय? मग या चुका टाळा

नायक चार लोकांत गप्प बसला, खाली मान घातली, की झालं, चिकटवा न्यूनगंडाचं लेबल. असे निबंध तपासून तपासून आता मला पहिल्या पॅराग्राफलाच पुढचं सगळं दिसतं: दोन पानं व्याख्या, मग न्यूनगंडाची कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडलरचं चरित्र (काहीजण फोटोही लावतात), मग नायकाची गरिबी आणि शेवटी "अशा प्रकारे नायक न्यूनगंडाने ग्रासलेला आहे". कादंबरी कुठे गेली बाबा यात?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नायक स्वतःबद्दल जे बोलतो तोच पुरावा मानणं. ही मी स्वतः केलीये, आणि चांगली वाजतगाजत केलीये. एम.ए.ला असताना प्रथमपुरुषी निवेदनाची एक कादंबरी घेतली होती. "मी कुचकामी", "माझी लायकीच नाही" असली वाक्यं पेन्सिलने अधोरेखित केली, वहीत उतरवली, मोजली, भरली 43. वाटलं, प्रबंध झालाच. सरांनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, "हे तो कोणाला सांगतोय, आणि कधी?" माझी बोलतीच बंद.

घरी येऊन परत वाचायला बसलो, तर काय, बहिणीने पैसे मागितले की हा कुचकामी, मित्राने साक्षीला ये म्हटलं की याची लायकी नाही. म्हणजे कोणी काही मागितलं की स्वतःला शिव्या घालून हा मोकळा! ती वाक्यं पुरावा होती, पण मी समजत होतो त्या गोष्टीचा नाही. खरी जखम होती ती एका मेजवानीच्या प्रसंगात. तिथे हा उसवलेला बूट हळूच खुर्चीखाली ओढतो, कोणी बघितलं का ते बघतो आणि मग रात्रभर नाचायला उठत नाही. दहा पानांनंतर नवीन कारकुनाच्या फाटक्या कॉलरवर सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यात मोठ्याने हाच हसतो. त्या दोन्ही पानांवर माझी पेन्सिलीची एक रेघ नव्हती.

तेव्हापासून माझी सवय अशी की पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय, आणि दुसऱ्या वाचनाला वहीत दोन रकाने, "म्हणतो" आणि "करतो". शास्त्रीय पद्धत वगैरे काही नाही ही, पण "करतो"चा रकाना भरल्याशिवाय मी एक वाक्य लिहीत नाही. ज्यांना सारांश वाचून निबंध हवा असतो त्यांचा हा रकाना रिकामाच राहतो, कारण उसवलेला बूट सारांशात येत नाही.

दुसरी चूक, न्यूनत्वाची भावना आणि न्यूनगंड एकच समजणं. अ‍ॅडलर मुळात डॉक्टर, लहानपणी स्वतःला मुडदूस झालेला माणूस, आणि 1907 साली त्याने लिहिलं ते अवयवांच्या कमकुवतपणाबद्दल. एक मूत्रपिंड गेलं की दुसरं जास्त काम करायला लागतं, तशी मनही भरपाई करतं, असा पुढचा विचार. मोठ्यांच्या जगात लहान मूल असतं म्हणून कमीपणाची भावना सगळ्यांनाच असते, त्याच्या मते माणूस धडपडतो ती त्यातूनच. गंड कधी म्हणायचा, तर तीच भावना काही न करण्याचं कारण म्हणून माणूस पुढे करायला लागला की. असा माणूस ओळखायची अ‍ॅडलरची खूण मला फार आवडते: "हो, पण...". तुमच्या नायकाचे "हो, पण" शोधा. कमीपणा वाटतोय आणि तरी तो परीक्षेला बसतोय, प्रेम व्यक्त करतोय, भांडतोय, तर कृपा करून गंड म्हणू नका.

आता बाकीच्या पटापट. गरीब म्हणजे न्यूनगंड, हे गणित सोडा. लेखकाच्या आयुष्यातला अपमान उचलून नायकाच्या माथी मारू नका. कादंबरीत नसलेलं बालपण स्वतः रचू नका, हे तर मी लाल शाईने खोडतो. अ‍ॅडलरने जन्मक्रमाचा स्वभावाशी संबंध जोडला म्हणून मधला मुलगा, धाकटा मुलगा हे कुंडलीसारखं वापरू नका. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड आणि अ‍ॅडलर यांना एकाच वाक्यात कोंबू नका, 1911 मध्येच दोघांची फारकत झाली होती आणि तुम्ही त्यांना एका परिच्छेदात नांदवताय. आणि बढाईखोर नायक दिसला की लगेच "आत्मविश्वास" लिहू नका, अहंगंडाखाली बऱ्याचदा न्यूनगंडच दडलेला असतो.

आणि एवढं करूनही गाडी अडली तर नायकाची सगळ्यात जुनी आठवण शोधा. अ‍ॅडलर पेशंटला हे हमखास विचारायचा, आणि आठवण खरी की खोटी यापेक्षा माणसाने नेमकी हीच का जपली हे बघायचा. माझ्या त्या बूटवाल्या नायकाची आठवण अशी: वडील रस्ता ओलांडतायत, मोठा भाऊ त्यांच्या खांद्यावर, आणि हा वडिलांचं बोट धरून खाली चालतोय. पुस्तकभर हा त्या खांद्याबद्दल कुरकुरतो, मीही त्याच्याबरोबर खांद्यावरच चार पानं लिहिली. वडिलांचं बोट त्याच्याच मुठीत होतं, हे मला तिसऱ्या वाचनात दिसलं.