मुलांच्या पेल्यातली साखर: मोजायची कशी, उतरवायची कशी

मुलाचं वजन वाढलं की घरात पहिली बंदी येते कोल्ड्रिंकवर. ते महिन्यातून दोनदा येत असेल, तर त्यावरून भांडण्यात फारसा अर्थ नाही. रोजचं आधी बघा: पावडर घातलेलं दूध, बिस्किटासोबतचा चहा, शाळेतून आल्यावरचं सरबत, डब्यासोबतचा आंब्याचा टेट्रापॅक. पातळ साखरेनं पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे सरबत प्यायलेलं मूल जेवताना पोळी कमी खात नाही. त्या कॅलरी वरच्यावर साठतात.

अमेरिकन हार्ट असोसिएशनची मर्यादा हाताशी ठेवायला सोपी आहे: 2 ते 18 वर्षांच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत, दोन वर्षांखाली अजिबात नाही. यात खाऊतली साखरही आली.

आठवडाभर मुलानं काय-काय प्यायलं ते लिहून काढा. मग चमचा तपासा. चहाचा चमचा सपाट भरला तर साधारण 4 ते 5 ग्रॅम साखर बसते, शिगोशीग भरला तर दुपटीच्या आसपास. घरोघरी चमचे वेगळे, म्हणून दहा सपाट चमचे वजनकाट्यावर टाकून पाहा.

पाकिटाच्या मागच्या तक्त्यात ‘अ‍ॅडेड शुगर्स’ची ओळ शोधा. आकडा बहुधा 100 मिलीचा असतो; त्याला बाटलीच्या मिलीनं गुणून 100 नं भागा. 100 मिलीला 11 ग्रॅम असेल, तर 250 मिलीच्या बाटलीत 27.5 ग्रॅम. दिवसाचा कोटा तिथंच संपला. दुधाची स्वतःची साखर (100 मिलीला सुमारे 5 ग्रॅम) यात धरायची नाही. खरी फसगत होते माल्ट पावडरीत. समजा 100 ग्रॅमला 35 ग्रॅम साखर आहे. एका कपात 20 ग्रॅम पावडर म्हणजे 7 ग्रॅम, त्यावर घरची दोन चमचे, म्हणजे आणखी 8 ते 10. असे दोन कप झाले की तिशी ओलांडली, आणि वर आपण म्हणणार, ‘आमचा फक्त दूधच पितो’.

गाळलेला फळांचा रसही जागतिक आरोग्य संघटना साखरेतच मोजते, साखर न घातलेला असला तरी. ‘100 टक्के फळांचा रस’ हा दावा पाकिटांवरून काढायला देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) जून 2024 मध्ये सांगितलं. संत्रं सोलून द्या. ओआरएस हे जुलाब झाल्यावर द्यायचं औषध आहे, डब्यासोबतचं पेय नाही.

आता उतरवणं. दुधातली साखर एकदम बंद केली की मूल दूधच सोडतं. आधी वरची साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. पावडरीला तोवर हात लावू नका, कारण चॉकलेटच्या चवीवरच दूध जातंय. साखर शून्यावर आली की मग पावडर त्याच गतीनं कमी करा. चहा मात्र लहान मुलांना हवाच कशाला? जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. गूळ घातला म्हणजे सुटलो, असं नाही. साखरेच्या हिशेबात गूळ आणि मध दोन्ही धरायचे. (एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको.)

कोकमाचं तयार सिरप म्हणजे बरीचशी साखरच. त्याऐवजी सात-आठ आमसुलं कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करून गाळा, चार पेले होतील एवढं पाणी घाला. जिरेपूड आणि पेल्याला एक सपाट चमचा साखर. आमसुलं खारवलेली असू शकतात, म्हणून मीठ चाखूनच. आंबट लागलं तर पाणी वाढवा, साखर नको. ताकाला वाटीभर दह्यात तीन वाट्या पाणी पुरे.

शाळेची बाटली भरलेलीच परत येत असेल, तर आधी शाळेतल्या स्वच्छतागृहाबद्दल विचारा. घाणीमुळे मुलं पाणी टाळतात, मग तहानलेली घरी येऊन गोड मागतात. दारातून आल्या-आल्या पेलाभर पाणी द्या. बाकीचं दहा मिनिटांनी.

डाएट पेयांचा आधार घेऊ नका. वजन आटोक्यात ठेवायला कृत्रिम गोडवा वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सांगितलं. कॅफिनवाली एनर्जी ड्रिंक मुलांना नकोत.

मुलाला रोज काट्यावर उभं करू नका. दर तीन-चार महिन्यांनी उंची-वजन घेऊन बालरोगतज्ज्ञांकडून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या (आयएपी) 2015 च्या बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाच्या, तक्त्यावर (5 ते 18 वर्षं) नोंद करून घ्या. वाढत्या मुलाचं वजन उतरायलाच हवं असं नाही. उंची वाढताना ते स्थिर राहिलं तरी बऱ्याचदा पुरतं. मानेमागची कातडी काळपट, मखमली दिसू लागली तर मळ समजून घासत बसू नका. ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते, तेव्हा पुढच्या नोंदीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.