स्कॅनचं बटण दाबण्याआधी

स्कॅन म्हणजे नेटवर्कवर कोणती मशीन आहेत आणि त्यांचे कोणते पोर्ट (जोडणी घेणारे क्रमांकाचे दरवाजे) उघडे आहेत, हे सॉफ्टवेअरने तपासणं. नेटवर्क आपल्याच कंपनीचं असलं तरी पहिली तयारी कागदाची. कोणते आयपी (मशीनचे नेटवर्कवरचे पत्ते), कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून आणि कोणत्या मशीनवरून तपासणार, एवढं लिहून ज्याला अधिकार आहे त्याची सही घ्या. जिन्यात भेटल्यावर "करून टाका हो" म्हणाले, ही परवानगी नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 43 आणि 66 विनापरवानगी शिरकावाबद्दलच आहेत. सर्व्हर भाड्याचा किंवा क्लाउडवर असेल, तर तो देणाऱ्या कंपनीचे नियमही वाचून ठेवा.

मग यादी. स्कॅनच्या आधी, आणि हाताने. नेटवर्कच्या केबल जिथे जोडतात त्या स्विचसमोर उभं राहून कोणती केबल कुठे जाते ते लिहा. स्कॅनमध्ये सापडलं पण यादीत नाही, असं जे काही निघेल तेच सर्वात महत्त्वाचं. कुणीतरी घरून आणून लावलेला वायफाय राउटर असाच सापडतो.

नुसत्या पिंगवर, म्हणजे 'आहेस का?' अशा हाकेवर, विसंबू नका. विंडोजचा फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाही, म्हणून आतल्या नेटवर्कमध्ये एआरपीने शोधा (हा आयपी कोणत्या मशीनचा, हे विचारण्याची पद्धत). एनमॅप हे स्कॅनचं सॉफ्टवेअर न सांगता फक्त नेहमीचे 1000 टीसीपी (आधी जोडणी करून बोलणारे) पोर्ट पाहतं, एकूण असतात 65,535. सगळे हवे तर तसं सांगावं लागतं. यूडीपीला, म्हणजे जोडणी न करताच बोलणाऱ्या पोर्टना, वेळ ठेवा. लिनक्स मशीन 'पोर्ट बंद' हे उत्तर सेकंदाला साधारण एकच देतं, त्यामुळे एका मशीनचे सगळे पोर्ट तपासायला 18 तासांहून जास्त लागू शकतात. 53 (डीएनएस, नावावरून पत्ता शोधणं), 123 (घड्याळ जुळवणं), 161 (यंत्रांवर देखरेख) एवढ्यांपासून सुरुवात करा.

नाजूक यंत्रं आधीच वगळा. प्रिंटर 9100 पोर्टवर येईल ते छापतो. माझ्या एका स्कॅनने अकाउंट्सच्या प्रिंटरमधून अगम्य अक्षरांचे कागद एकामागून एक बाहेर काढले होते, तेही पगारपत्रकाच्या दिवशी. पोर्टमागच्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन तपासताना एनमॅप हा पोर्ट आपणहून टाळतं, सगळे स्कॅनर टाळतातच असं नाही. शॉपफ्लोअरवरचे पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर) तर मशीन बंद असतानाच, मेंटेनन्सवाल्यांना शेजारी उभं करून तपासा.

बाहेरूनही एक स्कॅन हवाच, ऑफिसच्या इंटरनेटवरून नव्हे. 445 (विंडोजचं फाइल शेअरिंग) किंवा 3389 (रिमोट डेस्कटॉप) बाहेरून उघडा दिसला तर बाकी सगळं सोडून आधी तो बंद करा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस 445 उघडा असलेली मशीन स्वतःच स्कॅन करत पसरला. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती (पॅच) मार्चमध्येच आलेली होती.

आणि ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतो ते हे: स्कॅन चालू असताना दुसऱ्या स्क्रीनवर फायरवॉलचा लॉग (नोंदवही) उघडा ठेवा. सिन स्कॅन जोडणीची नुसती विनंती पाठवतो, ती पूर्ण होऊच देत नाही, त्यामुळे वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो. तो फायरवॉलला दिसायला हवा. ठरलेल्या वेळी, माहीत असलेल्या आयपीवरून चाललेला आपलाच स्कॅन दिसला नाही, तर रात्री दोनला येणारा परका कसा दिसेल? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे महत्त्वाच्या यंत्रणांचं लक्ष्य ठरवून केलेलं स्कॅनिंगही कळवण्याच्या घटनांत मोडतं. लक्षात आल्यापासून मुदत 6 तास. लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत, तेव्हा डिस्कमधली जागा आजच तपासा, आणि नोंदींच्या वेळा जुळाव्यात म्हणून सगळ्या मशीनची घड्याळंही.

निकालाची फाइल व्हॉट्सॅपवर पाठवू नका, तो आपल्या घराचा नकाशा आहे. पासवर्ड लावून ठेवा. पुढच्या स्कॅनशी ताडून पाहायला तीच लागेल.