वॉर फाइलचं नाव म्हणजेच पत्ता

टॉमकॅटवर (जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर) वेब सर्व्हिस चढवताना ॲप्लिकेशनला आपल्या मनासारखं नाव हवं असेल, तर कॉन्फिगरेशन उकरत बसू नका. टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये जी वॉर फाइल (.war, म्हणजे अख्ख्या ॲप्लिकेशनचं एका फाइलीतलं गाठोडं) टाकाल तिचं नाव हाच वेब पत्त्यात सर्व्हरच्या नावानंतर येणारा पहिला तुकडा. ‘भाव.वॉर’ टाकली की सर्व्हिस ‘/भाव’खाली दिसते. (नाव अर्थात रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता. लहान-मोठ्या अक्षरांत टॉमकॅट फरक करतो.)

लातूरच्या आडत बाजारातले सोयाबीन-तुरीचे भाव देणारी सर्व्हिस चढवताना मी एक दुपार वाया घालवली. कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये (ॲप्लिकेशनच्या सेटिंगची फाइल) पाथ, म्हणजे हवा तो पत्ता, लिहिला, पत्ता काही बदलेना. बदलणार कसा? फाइल वेबॲप्समध्ये असली की तो पाथ टॉमकॅट वाचतच नाही.

दोन पायऱ्यांचा पत्ता हवा तर नावात हॅश (#) घाला: ‘भाव#तूर.वॉर’ची होते ‘/भाव/तूर’. नाव ‘रूट’ ठेवलं, तेही सगळी मोठी अक्षरं (ROOT), तर पत्त्यात काहीच लागत नाही. वॉर बांधायला मेव्हन हे साधन वापरत असाल तर त्याच्या फायनलनेम (finalName) या सेटिंगमध्येच नाव ठरवा. दर वेळी हाताने बदलायचं म्हटलं की एकदा तरी विसरतंच.

आणि टॉमकॅट बंद असताना वॉरचं नाव बदललंत, तर टॉमकॅटने जुन्या वॉरमधून उलगडलेलं त्याच नावाचं फोल्डरही काढा. नाहीतर जुनं ॲप्लिकेशन भूत होऊन शेजारी चालत राहतं. क्लायंटमध्ये (सर्व्हिसकडून भाव मागणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जुना पत्ता लिहिलेला असेल तर त्याला हे कळतही नाही. तो निवांत कालचे भाव वाचत बसतो.