नव्या मुख्याध्यापकांनो, या चुका टाळा

खुर्चीत बसून चार महिने झाले की सोलापूर जिल्ह्यातला प्रत्येक नवा मुख्याध्यापक मला हेच सांगतो, "सर, स्टाफ सहकार्य करत नाही." आधी तुम्ही काय केलंत ते आठवा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे शिक्षकाला पोरांदेखत बोलणं. अक्कलकोट तालुक्यातल्या एका शाळेत मी सहशिक्षक होतो. पहिलीच्या पोरांच्या घरी कन्नड. एका बाईंनी त्यांच्यासाठी जुन्या लग्नपत्रिका कापून शब्दपट्ट्या केल्या होत्या, एका बाजूला 'पाणी', दुसरीकडे 'नीरु'. एकदा एसटी उशिरा आली आणि बाई परिपाठ सुरू झाल्यावर पोचल्या. मुख्याध्यापकांनी सगळ्या शाळेसमोर विचारलं, "बाई, पगार पूर्ण घेता ना?" दुसऱ्या दिवसापासून बाई घड्याळ लावून यायच्या, घड्याळ लावून जायच्या. पट्ट्या कपाटात गेल्या. त्या करा असा जीआर कधी नव्हता, त्यामुळे बंद केल्या म्हणून मेमोही देता येईना. वर्षअखेरीस बाईंनी बदली मागितली. पहिलीची पोरं पुन्हा गप्प बसायला लागली.

पुढे मी मुख्याध्यापक झाल्यावर बोलायचं ते खोलीत, दार लोटून, त्याच दिवशी बोललो. पहिला शब्द "काय झालं?" हाच. परिपाठाला फक्त कौतुक, तेही नेमकं काय चांगलं केलं ते सांगून.

रात्री दहाला ग्रुपवर 'तातडीने माहिती पाठवा' टाकू नका. कॉम्प्युटर येतो म्हणून सगळी ऑनलाइन कामं एकाच तरुण शिक्षकाच्या गळ्यात बांधू नका.

तुलनाही नको. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. तेव्हापासून "बघा, ते करतात, तुम्हाला का जमत नाही?" हे मी कितीतरी मीटिंगांत ऐकलं. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांत वाटली, हे मात्र कुणी सांगत नाही. मला तर तेच जास्त मोठं वाटतं.

वाढदिवसाचा केक कापून शाळा आपली वाटत नाही. घाई करू नका. पहिले दोन महिने वेळापत्रकाला हात लावू नका, स्वतःच्या नावावर दोन तास घ्या आणि मधल्या सुट्टीत चहा स्टाफरूममध्ये प्या. मी दाराजवळच्या खुर्चीत बसायचो. मधली खुर्ची सगळ्यात ज्येष्ठ बाईंची होती, ती तशीच राहू दिली.