मेटारायझियमचं मदर कल्चर: महिने नव्हे, पिढ्या मोजा

हुमणीवर वापरायच्या मेटारायझियम या कीडनाशक बुरशीचं मदर कल्चर, म्हणजे पुढचं सगळं उत्पादन जिच्यापासून वाढवतात ती मूळ बुरशी, फ्रिजमधल्या स्लँटवर (तिरप्या माध्यमाच्या नळीत) सहा महिन्यांनीही जिवंत सापडतं. म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. स्लँटवरून स्लँटवर उतरवत गेलं की बुरशी वाढते झपाट्याने, पण हिरवे बीजाणू कमी आणि पांढरा कापूस जास्त, आणि शेतात सोडल्यावर अळी मरत नाही. बुरशी जगलेली असते, बदललेला असतो तो तिचा चयापचय.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते. पहिली तात्पुरती. पीडीए या बटाटा-ग्लुकोज-आगरच्या माध्यमात ग्लुकोज आयतं मिळतं, आणि ग्लुकोज असेपर्यंत किड्याच्या त्वचेतली प्रथिनं फोडणारं पीआर-१ हे विकर (एन्झाइम) बुरशी फारसं बनवत नाही. साखर काढून घेतली, किड्याची त्वचा दिली, की ती पुन्हा बनवू लागते. दुसरी गोष्ट कायमची. दर सब-कल्चरला, म्हणजे बुरशी नव्या माध्यमावर उतरवताना (ही एक पिढी), आपण नकळत निवड करत असतो. ताटलीवर (पेट्री डिशमध्ये) पीआर-१ किंवा बीजाणू बनवण्यात फायदा काहीच नाही, त्यामुळे ते सोडून नुसते धागे पसरवणारे उत्परिवर्ती (जनुकं बदललेले) प्रकार पुढे निघतात. वसाहतीत पाचरीसारखा पांढरा पट्टा दिसतो तो हाच. त्यात टोचणाऱ्याने वसाहतीच्या कडेचा तुकडा उचलला, की नेमका तोच पट्टा पुढच्या स्लँटवर जातो.

साठवणुकीचं तापमानही महत्त्वाचं. ४ अंशांवर चयापचय मंदावतो, थांबत नाही. बीजाणूतला ट्रेहॅलोज या साखरेचा आणि मेदाचा साठा हळूहळू खर्च होतो, माध्यम सुकतं. स्लँटवर निर्जंतुक पॅराफिन तेल ओतून ठेवलं तर प्राणवायू कमी पडतो, तरी वाढ रेंगाळत चालूच असते. उणे ८० ला ती जवळपास थांबते, द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ ला पूर्ण. म्हणून बँक करायची ती गोठवूनच.

पद्धत अशी. आधी एकबीजाणू वसाहत, म्हणजे एकाच बीजाणूपासून वाढलेली, वेगळी करा. ती पीडीएवर १ टक्का यीस्ट एक्सट्रॅक्ट घालून २५–२८ अंशांवर १२–१४ दिवस, पूर्ण हिरवी होईपर्यंत वाढवा. बीजाणू साध्या पाण्यात भिजत नाहीत, वर तरंगत राहतात, म्हणून ०.०५ टक्के ट्वीन-८० (साबणासारखं ओलं करणारं द्रव्य) घातलेल्या निर्जंतुक पाण्यात खरवडा आणि निर्जंतुक मलमलीतून गाळा. धागे गाळून टाकणं महत्त्वाचं, गोठताना आधी मरतात ते धागे. हिमोसायटोमीटरवर (सूक्ष्मदर्शकाखालच्या मोजणीच्या काचेवर) मोजून मिलिलिटरला २० कोटी बीजाणू ठेवा आणि ऑटोक्लेव्ह केलेलं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेलं) २० टक्के ग्लिसरॉल तेवढंच मिसळा. म्हणजे शेवटी १० टक्के ग्लिसरॉल आणि मिलिलिटरला १० कोटी बीजाणू. २ मिलीच्या क्रायोव्हायलमध्ये (गोठवायच्या छोट्या कुपीत) १ मिली भरा आणि आयसोप्रोपेनॉलच्या डब्यात ठेवून उणे ८० मध्ये टाका. त्या डब्यामुळे तापमान मिनिटाला साधारण १ अंशाने उतरतं. थेट गोठवलं तर पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात.

व्हायल दोन गटांत ठेवा: २० मास्टर, ५० वर्किंग. रोजच्या कामाला मास्टरला हात नाही. वितळवायची ती ३७ अंशांच्या पाण्यात २ मिनिटं, आणि उरलेली परत गोठवायची नाही. व्हायलपासून उत्पादनाच्या फ्लास्कपर्यंत तीनपेक्षा जास्त पिढ्या होऊ देऊ नका, आणि प्रत्येक ताटलीवर पिढीचा आकडा लिहा. तारीख लिहितात सगळेच, पिढी कुणी लिहीत नाही.

उणे ८० नसेल, तर घरगुती फ्रिजच्या फ्रीजरवर विसंबू नका. फ्रॉस्ट-फ्री यंत्र दर काही तासांनी गरम होतं, बर्फ पुन्हा पुन्हा जमतं आणि पेशी फाटतात. त्यापेक्षा सिलिका जेल बरं. रंग न बदलणारी जेल घ्या. निळ्या जेलमधलं कोबाल्ट क्लोराइड बीजाणूंना घातक असतं. स्क्रू-कॅप बाटलीत जेल १८० अंशांवर ३ तास कोरडी भाजा आणि नंतर बर्फात पूर्ण थंड करा. ५ टक्के थंड स्किम मिल्कमधले (साय काढलेल्या दुधातले) बीजाणू त्यावर इतकेच ओता की तीनचतुर्थांश खडे ओले होतील. जेल पाणी शोषताना तापते, म्हणून बाटली अर्धा तास बर्फातच राहू द्या. इथे घाई केली की बीजाणू भाजून निघतात, आणि हे कळतं ते थेट महिन्याने. खडे सुटे होईपर्यंत १०–१४ दिवस २५ अंशांवर झाकण सैल ठेवा, मग घट्ट लावून ४ अंशांवर. लागेल तेव्हा चार खडे ताटलीवर टाकायचे. बाटली तीच, पिढी वाढत नाही.

तपासणी गोठवल्यानंतर आठवड्याने, मग वर्षातून एकदा. पीडीएवर २६ अंशांवर २० ते २४ तासांनी ३०० बीजाणू मोजा. अंकुर बीजाणूच्या रुंदीपेक्षा लांब असेल तरच तो धरा. ९० टक्क्यांच्या खाली गेलं तर ती खेप टाका. पण अंकुरण म्हणजे ताकद नव्हे. त्यासाठी १ टक्का स्किम मिल्क आगरवर बुरशीचा ठिपका टोचा आणि दुधातली प्रथिनं फुटल्याने दिसणाऱ्या पारदर्शक वलयाचा व्यास भागिले वसाहतीचा व्यास, हा आकडा मूळ व्हायलच्या आकड्याशी ताडा. दूध वेगळं आणि कमी वेळ ऑटोक्लेव्ह करा, नाहीतर ते तपकिरी पडतं आणि वलय दिसत नाही. हे वलय सगळ्या प्रोटिएजचं (प्रथिनं फोडणाऱ्या विकरांचं) असतं, एकट्या पीआर-१ चं नाही, तेव्हा ही फक्त चाळणी समजा. शेवटचा निकाल अळीच देते. गोठवणीतून नुकत्याच उठलेल्या पहिल्या ताटलीवर ताकदीची चाचणी करू नका, तिचा वेग साठवणुकीच्या धक्क्याने मंद असतो. एकदा वाढवून मगच मोजा.

ताकद घसरलीच, तर मेणपतंगाच्या अळ्या मिलिलिटरला १ कोटी बीजाणूंच्या द्रावणात १०–१५ सेकंद बुडवा. मेलेल्या अळ्या १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर ठेवून तीनदा धुवा आणि ओल्या फिल्टर पेपरवर हिरव्या होऊ द्या. त्यावरचे बीजाणू क्लोरॅम्फेनिकॉल हे जिवाणूनाशक घातलेल्या पीडीएवर घेऊन पुन्हा एकबीजाणू वसाहतीपासून सुरुवात करा. तात्पुरता बदल असेल तर यातून बुरशी सावरते. उत्परिवर्तन असेल तर अळी ते दुरुस्त करू शकत नाही, मास्टर व्हायलच उघडावी लागते. आणि वीज गेल्यावर तीही राहील याची खात्री नसेल, तर एक संच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करून टाका.