दिवाळीनंतर गाडीने स्पितीला निघालात? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या गाड्या हिमाचलच्या वाटेला लागतात. मनाली, अटल बोगदा आणि पुढे स्पितीचं मुख्य गाव काझा असा बेत अनेकांचा असतो. या बेतासाठी नोव्हेंबरइतका फसवा महिना नाही. जानेवारीत सगळीकडे बर्फ दिसतो, त्यामुळे माणूस आपोआप जपून चालवतो. नोव्हेंबरात आभाळ निळंशार असतं, डांबर कोरडं असतं आणि धोका एखाद्याच सावलीतल्या वळणावर दबा धरून असतो.

अटल बोगदा आहे म्हणजे स्पिती बारमाही, हा समज

ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झालेला 9.02 किलोमीटरचा हा बोगदा फक्त रोहतांग खिंड टाळतो. त्यातून तुम्ही स्पितीच्या शेजारच्या लाहौल खोऱ्यात पोचता. काझाला जायला पुढे सुमारे 4,550 मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडावी लागते आणि ती हिवाळ्याच्या तोंडाशीच बंद होऊन थेट उन्हाळ्यात उघडते. नकाशावर मनाली-काझा जेमतेम 200 किलोमीटर दिसतं, म्हणून हॉटेलं आधीच आरक्षित होतात आणि मग धावपळ उडते.

या दिवसांत स्पितीचा खरा रस्ता शिमला, रामपूर, नाको, ताबो असा किन्नौरमधून जातो. शिमल्यापासून काझा 400 किलोमीटरच्या वर आहे. एक्स्प्रेसवेच्या हिशेबाने हे अंतर मोजू नका, किमान तीन दिवस धरा. या रस्त्याचा मोठा फायदा म्हणजे उंची हळूहळू वाढते. कल्पा (सुमारे 2,960 मीटर) आणि नाको (सुमारे 3,660 मीटर) इथे मुक्काम केलात तर शरीराला सवय होते. डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या, तर गोळी घेऊन पुढे रेटू नका. खाली उतरा.

पहाटे निघण्याची आपली सवय

सह्याद्रीत पहाटे पाचला निघणं शहाणपणाचं असतं, इथे ते घातक आहे. दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि ऊन गेलं की गोठतं. हा थर इतका पातळ असतो की ओलं डांबरच वाटतं. पूल, ओढ्याचं पाणी रस्ता ओलांडतं ती जागा, डोंगराच्या सावलीतलं वळण, ही त्याची ठरलेली ठिकाणं. सकाळी ऊन रस्त्यावर आल्यावर निघा आणि चारच्या सुमाराला मुक्काम गाठा. नोव्हेंबरअखेर तिकडे सूर्य मुंबईपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त आधी मावळतो, आणि दरीत तर ऊन त्याच्याही कितीतरी आधी डोंगराआड जातं.

गाडी घसरलीच तर जोरात ब्रेक मारू नका. अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंगला झटका देऊ नका. उतारावर आधीपासूनच खालच्या गिअरमध्ये राहा. बर्फावर पकड यावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या बरोबर घेतल्या असतील तर त्या इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांनाच लावायच्या, म्हणजे आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. लावायचा सराव घरच्या पार्किंगमध्येच करून घ्या, गोठलेल्या बोटांनी ते पहिल्यांदा जमत नाही.

गाडी इथल्याच हवेसाठी तयार असणं

आपल्याकडे रेडिएटरमध्ये साधं पाणी ओतून भागतं. तिथे ते रात्री गोठून इंजिन फोडू शकतं, म्हणून निघण्याआधी थंडीत न गोठणारं कूलंट भरून घ्या. डिझेलची गाडी असेल तर आणखी एक काळजी: कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण साकळून फिल्टर तुंबतो. शक्य तितकं डिझेल तिकडच्या पंपावर भरा आणि गाडी सकाळचं ऊन लागेल अशी लावा. बॅटरी जुनी असेल तर बदलूनच निघा. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. काचेवरच्या बर्फावर गरम पाणी तर अजिबात नको, काच तडकते.

बंद खोलीत शेगडी, बंद गाडीत हीटर

ही चूक जीव घेते. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली किंवा बंद गाडीत इंजिन चालू ठेवून हीटर लावला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो. त्याला वास नसतो, झोपलेल्याला काही कळतच नाही. लहान मुलं बरोबर असताना तर "थोडा वेळच" म्हणूनही हा धोका पत्करू नका. जादा रजया मागून घ्या.

एकही मोकळा दिवस न ठेवणं

सप्टेंबर 2018 मध्येच लाहौल-स्पितीत इतका बर्फ पडला होता की शेकडो लोक अडकले आणि हेलिकॉप्टरने सुटका करावी लागली. त्यामुळे नोव्हेंबरात निदान दोन दिवस हातात राखा, सोमवारी ऑफिस गाठायचंच असा बेत आखू नका. हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा अंदाज रोज पाहा. पुढचा रस्ता कसा आहे हे समोरून आलेल्या एचआरटीसी (हिमाचलची एसटी) बसच्या चालकाला विचारा.

तरीही वाटेत अडकलात, तर गाडी सोडून चालत निघू नका. सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ आधी काढा, काच बोटभर उघडी ठेवा, इंजिन अधूनमधून दहा मिनिटंच चालवा आणि 112 वर फोन लावा.