बार्कची गोणी उलटी करून बघा

ऑर्किडच्या नर्सरीत काम मिळालं तेव्हा वाटलं, आता दिवसभर फुलांत राहायचं. मावळातल्या त्या नर्सरीत पहिले तीन आठवडे मी फक्त पाइनची बार्क, म्हणजे झाडाची साल, चाळली. नाकातोंडात तपकिरी धूळ, केसांत धूळ, डब्यातल्या पोळीवरही धूळ. आता माझ्या हाताखाली कुणी नवीन आलं की मीही आधी चाळणच देते.

फॅलेनॉप्सिस काय किंवा आपली सीतेची वेणी काय, ही ऑर्किडं मुळात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. त्यांच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. ते पाऊस पटकन शोषून घेतं आणि मग त्याला वारा लागतो. म्हणून कुंडीत बार्क घालायची ती खत म्हणून नाही, तुकड्यांमधल्या पोकळीसाठी. ही पोकळी किती दिवस टिकेल, एवढंच बार्क घेताना ओळखायचं असतं.

हे मला कळलं ते खिशाला खार लागल्यावर. घरच्या साठ कुंड्यांसाठी एका व्यापाऱ्याकडून मी किलोवर बार्क घेतली. वरचे तुकडे सुरेख, हाताला गार. तो गारवा पाण्याचा होता, आणि ते पाणी मी बार्कच्या भावाने विकत घेतलं होतं! गोणीच्या तळाशी चार बोटं भुसा निघाला. टाकून देणं जिवावर आलं, म्हणून तोही कुंड्यांत गेला. गणपतीपर्यंत अर्ध्या झाडांची मुळं तपकिरी. चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण मोज्यासारखं निघून यायचं आणि आतला दोरा तेवढा हातात राहायचा. तेव्हापासून मी किलोचा भाव विचारत नाही, लिटरचा विचारते. आणि विकणाऱ्याच्या देखत गोणी उलटी करते. लोक हसतात, हसू देत.

उलटी केल्यावर तळातली ओंजळभर बार्क घ्या आणि घरातल्या रव्याच्या चाळणीतून चाळा. खाली थोडी पूड पडणारच, पण मूठभर पडली तर ती गोणी नको. मग दोन-चार तुकडे मोडून बघा. चांगल्या तुकड्यात आत तांबूस-तपकिरी पापुद्रे एकावर एक बसलेले दिसतात आणि नखाने दाबलं तर खूण जेमतेम उमटते. नख सहज आत गेलं तर माल आधीच कुजायला लागलाय. फिक्या पिवळसर रंगाचे, धागे निघणारे तुकडे दिसले तर ते लाकूड, साल नव्हे. लाकूड सालीपेक्षा लवकर कुजतं, आणि कुजवणारे जिवाणू झाडाच्या वाट्याचा नायट्रोजन खातात. पानं पिवळी पडली की नवखा माणूस खत वाढवत बसतो.

वासाचं थोडक्यात. टर्पेंटाईनसारखा उग्र वास आला तर साल ताजी आहे, तिला मुरू द्या. आंबूस वास म्हणजे ओला माल हवाबंद पिशवीत पडून होता. ओल्या मातीसारखा वास आला तर घ्यायला हरकत नाही.

पाण्यात टाकून तरंगली तर वाईट, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. कोरडी बार्क पाणी झिडकारते, त्यामुळे ती तरंगणारच. रात्रभर भिजत घाला. पाणी कोऱ्या चहासारखं झालं तर घाबरू नका, तो सालीतल्या टॅनिनचा रंग. भिजवण्याआधी आणि नंतर त्याच पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मात्र मोजा. आकडा फार चढला तर पाणी बदलून पुन्हा भिजवा. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये, त्यात क्षार असतात.

तुकड्यांचा आकार मुळांच्या जाडीवर ठरवा. बारीक रोपांना हरभऱ्याएवढे, मोठ्या फॅलेनॉप्सिसला सुपारीएवढे. एकाच गोणीत दोन्ही असतील तर बारीक तुकडे मोठ्यांमधल्या फटी बुजवतात.

न्यूझीलंडहून येणारी ओर्किआटा नावाची तयार बार्क रेडिएटा पाइनच्या सालीची असते. तिला डोलोमाइट हे चुनखडीसारखं खनिज लावलेलं असल्याने आम्लता कमी होते. माल उत्तम, पण महाग. बाल्कनीतल्या पाच फॅलेनॉप्सिससाठी घ्यायची तर घ्या. डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडसाठी मी तेवढे पैसे घालणार नाही, त्यांना कोळसा आणि विटांचे तुकडे पुरतात.

प्रत्येक नव्या गोणीतली मूठभर बार्क मी एका कुंडीत झाडाशिवाय भरते, तारीख लिहिते आणि इतर कुंड्यांबरोबर तिलाही पाणी घालते. महिन्यातून एकदा बोट खुपसून बघते. गेल्या जूनमधली अजून कडक आहे. त्याआधीची परवा बोटाने दाबली तर चिखल झाला, म्हणून या रविवारी त्या गोणीची बार्क घातलेल्या कुंड्यांतली सगळी झाडं काढायची आहेत.